चारशे बारा भेटकलमे

माझे पणजोबा सार्वजनिक बागेत माळी होते. सहा शब्दांचे हे साधे वाक्य सिद्ध करण्यासाठी मला सात महिने, एकोणीस हेलपाटे आणि डाव्या अंगठ्याचे थोडेसे मांस खर्ची घालावे लागले. सिद्ध झाल्यावर घरात अशी शांतता पसरली, की पणजोबा सत्तर वर्षांपूर्वी नव्हे, त्याच दिवशी सकाळी वारले असावेत.

आमचे घराणे कागदाचे. आजोबांनी टपाल कचेरीत शिक्के मारले. बाबांनी पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक विभागात तेहेतीस वर्षे काढली. मी एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात बसून ‘आपला दावा मान्य करता येत नाही, याचे आम्हांस मनःपूर्वक दुःख आहे’ अशी पत्रे लिहितो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर संपादकांकडून आलेली तशीच पत्रे वाचतो, कारण मी कविता करतो. (हे शेवटचे वाक्य मी जरा हलक्या आवाजात लिहिले आहे.) झाडांशी आमच्या कुटुंबाचा संबंध आला तो फक्त त्यांचा लगदा होऊन कागद झाल्यानंतर.

अशा या घरात पणजोबांविषयी एकच माहिती शिल्लक होती, आणि तीही आत्याच्या तोंडी. आत्या बाबांहून सतरा वर्षांनी मोठी. तिने लहानपणी पणजोबांना पाहिलेले. घरात चार माणसे जमली, की ती डोळे मिटून तेच वाक्य म्हणायची: “आजोबा दिवसभर कलमं करायचे, डोळे भरायचे, आणि साहेब स्वतः बघायला यायचा.” यापलीकडे तिला काही आठवत नसे, आणि जे आठवत नाही ते रचण्याइतकी ती शिकलेली नव्हती. रचायचे काम शिकलेल्यांनी केले.

मोठ्या काकांचे मत असे, की कलमे म्हणजे कायद्याची कलमे. पणजोबा साहेबाच्या हाताखाली कायद्यांचे मसुदे तयार करीत, आणि मिणमिणत्या दिव्यात बारीक अक्षर लिहून डोळ्यांना पाणी येई. बाबांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते कलम म्हणजे लेखणी. पणजोबा ग्रंथकार होते, आणि लिहितालिहिता त्यांना गहिवर येई. ‘डोळे भरून यायचे’ असे न म्हणता आत्या ‘डोळे भरायचे’ असे का म्हणते, ही शंका मी एकदा काढली होती. जुनी माणसे मोजके बोलत, असे उत्तर मिळाले. या दोन पक्षांत बावीस वर्षे वाद चालला, आणि कलम या शब्दाला तिसरा अर्थ असू शकतो, हे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. शाळेतल्या कोणत्याही मुलाला सुचले असते; पण आमच्या घरातली मुले शाळेत पहिली येत, त्यामुळे त्यांच्याकडून ती अपेक्षा नव्हती.

मी अर्थातच बाबांच्या पक्षात होतो. कविता परत आली, की मी खिडकीशी बसे आणि कल्पना करी: असाच एक मितभाषी माणूस, असाच कुठल्यातरी खिडकीशी, कागदावर वाकलेला, डोळे भरलेले. परत आलेल्या कवितेला निदान वारसा तरी असावा.

हे सगळे घरातल्या घरात राहिले असते तर कोणाचे काही बिघडले नसते. पण आमच्या भागातल्या वाचनालयाला शंभर वर्षे पूर्ण होत होती, आणि कार्यकारिणीने ठरवले, की दर्शनी भिंतीवर ‘आपल्या परिसरातील ग्रंथकार’ अशी पाटी लावायची. सभेत बाबा उठले आणि आपल्या आजोबांचे, म्हणजे माझ्या पणजोबांचे, नाव सुचवून बसले. वाचनालयाचे अध्यक्ष स्वतः नऊ प्रवासवर्णनांचे लेखक. ती त्यांनी स्वतःच छापली आहेत आणि बहुधा स्वतःच वाचली आहेत. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “काही कागद आहे का?”

तेहेतीस वर्षे खिडकीच्या आतून लोकांना हाच प्रश्न विचारलेल्या माणसाला तो आज बाहेरून ऐकावा लागला. तत्त्वाने बाबांना तो मान्य करावाच लागला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबांच्या वाट्याला आयुष्यात एकदाच बढती येणार होती, आणि ती शेजारच्या टेबलावर गेली. त्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त त्या वर्षापासून ते आपल्या या आजोबांविषयी जरा जास्त बोलू लागले. म्हणून त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, “कागद तू आण. तुझ्यात त्यांचं रक्त आहे,” तेव्हा नाही म्हणणे मला जमले नाही. तसे मला कधीच कोणाला नाही म्हणणे जमलेले नाही. माझ्या स्वभावाचा हा दोष माझ्या कंपनीलाही ठाऊक आहे, म्हणून ती नकार माझ्याकडून फक्त लेखी देवविते.

इमारतीत बातमी पसरली आणि समोरचे मोजणीकाका सल्ला घेऊन आले. ते निवृत्त मोजणीदार. जमीन मोजून झाली तरी माणसांना मोजणे त्यांनी सोडलेले नाही. त्यांनी मला खुर्चीत बसवले, स्वतः उभे राहिले आणि सरकारी अर्जाचे रहस्य सांगितले. अर्ज कधीही पूर्ण भरू नये. पूर्ण अर्ज पाहिला, की आतल्या माणसाचा अपमान होतो. त्याला चूक काढायला काही उरत नाही. एखादा रकाना मोकळा ठेवावा. तो खूश होऊन त्यावर बोट ठेवतो, आपण तिथेच भरून देतो, काम होते.

मी अभिलेख कार्यालयाचा अर्ज घेतला आणि विचारपूर्वक एक रकाना मोकळा सोडला. ‘अर्जदाराचे मृताशी नाते’ असा तो रकाना होता. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला: अर्जदाराचे मृताशी कोणतेही नाते नसल्याने विचार करता येत नाही. मोजणीकाकांनी तो उजेडाकडे धरून वाचला आणि खेदाने मान हलवली. सल्ला बरोबर होता, म्हणाले, मी रकाना चुकीचा निवडला.

मग मी प्रत्यक्ष गेलो. अभिलेख कार्यालयातली खिडकी छातीच्याही खाली आहे. ती बांधणाऱ्याने बहुधा असा विचार केला असावा, की इतिहास विचारायला येणाऱ्या माणसाने कमरेत वाकलेले असावे. आत एक प्रौढ अभिलेखपाल बाई बसत. त्यांच्यामागे छतापर्यंत लाल फडक्यांत बांधलेली दप्तरे, आणि हवेत जुन्या कागदाचा तो वास, जो घेताना मला नेहमी आपण फार उशिरा जन्मलो असे वाटते. मी कवितेच्या दिशेने जाऊ लागलो होतो. बाईंनी मला परत आणले. पणजोबा वारल्याचा दाखला आहे का, असे त्यांनी विचारले. नव्हता. मग ते हयात असतील तर त्यांनी स्वतः यावे, असे त्या म्हणाल्या. ते आज एकशे चोवीस वर्षांचे असते, हे मी वाकल्यावाकल्या सांगितले. बाईंनी लिहून घेतले: ‘वय सांगितले. दाखला नाही.’

दाखला मिळवण्यात पाच हेलपाटे गेले, ते सांगत बसत नाही. त्यानंतर कळले, की पणतूचा अर्ज नातवाच्या अर्जापेक्षा मागच्या रांगेत लागतो. म्हणून अर्ज बाबांच्या नावाने केला. अर्जदार बाबा, हेलपाटे माझे, अशी वाटणी झाली. ही बारीकशी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. मी ठेवली नाही.

बाईंनी आधी लेखनिकांची दप्तरे पाहिली. पणजोबा नव्हते. मग भाषांतर खाते. नव्हते. काकांच्या समाधानासाठी मसुदा विभाग. तिथेही नव्हते. दर वेळी घरी येऊन मी मान खाली घालून उभा राहायचो, आणि दर वेळी बाबा त्याचा अर्थ लावायचे. टोपणनावाने लिहीत असतील. साहेबाने त्यांचे लिखाण स्वतःच्या नावावर खपवले असेल. थोर लेखक नोंदीत सापडतो का कधी? सहाव्या महिन्यापर्यंत, कुठेच न सापडल्यामुळे, पणजोबा बाबांच्या दृष्टीने फारच थोर झाले होते.

सातव्या महिन्यात एका दुपारी बाईंनी मला हात करून बोलावले. एवढ्या हेलपाट्यांत आमच्यात एक प्रकारची माया निर्माण झाली होती. त्या मला आता उभे राहा म्हणत नसत, वाका म्हणत. त्यांनी एक जाडजूड वही फिरवून माझ्यासमोर धरली.

“नाव तेच, वडलांचं नाव तेच. पण खातं बघा.”

खाते होते ‘उद्याने व मोकळ्या जागा’. मी म्हणालो, तिथे ते पत्रव्यवहार पाहत असतील.

“हुद्दा वाचा.”

मी वाचला. ‘माळी, वर्ग दुसरा.’ पुढच्या रकान्यात तिरप्या, सुंदर अक्षरात, जे पणजोबांचे नव्हते, कामगिरी लिहिली होती: ‘सालमजकुरी भेटकलमे ४१२ केली, पैकी ३९० जगली.’ आणि खालच्या ओळीत: ‘गुलाबाचे डोळे भरले, नग ११००.’

गुलाबाचे डोळे भरणे म्हणजे काय, असे मी शक्य तितक्या सहज विचारले. बाईंनी चष्मा काढला. एका झाडाच्या फांदीवरचा कोंब, म्हणजे डोळा, सालीसकट काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवतात, त्याला डोळा भरणे म्हणतात, असे त्यांनी मला शाळेतल्या मुलाला सांगावे तसे समजावले. मग म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटलं होतं?”

मला काय वाटले होते, हे सांगायला ती खिडकी फार लहान होती.

मी म्हणालो, नक्कल नको, अर्ज मागे घेतो. बाई म्हणाल्या, अर्जदार तुमचे वडील आहेत. मागे घ्यायचा तर त्यांनी यावं. आणि नक्कल टपालाने जाईल, तीन महिने लागतील. शिवाय अर्जात ‘कलमांविषयीची कामगिरी’ एवढेच मागितले असल्याने नकलेत तेवढीच ओळ येईल. हुद्दा हवा असल्यास वेगळा नमुना, गुलाब हवे असल्यास त्याहून वेगळा. मला यांपैकी काहीच नको होते. मी आभार मानून सरळ झालो, आणि बऱ्याच महिन्यांनी प्रथमच माझी कंबर दुखली नाही. काही गोष्टी एकदम सुटतात.

तीन महिने हातात होते. एवढ्या अवधीत बाबांना हळूहळू, एकेक अक्षर करून सांगता येईल, असा मी हिशेब केला. आधी ‘मा’ आणि पुढे कधीतरी ‘ळी’. धीर गोळा करायला मी त्या बागेत गेलो. बाग अजून तिथेच आहे. बाकांना हिरवा रंग, गवतावर चालू नये अशी पाटी, आणि गवतावर चालणारी माणसे. तिथल्या माळ्यांचे मुकादम एका खुंटाच्या रोपाशी उकिडवे बसून भेटकलम बांधत होते. मी दूर उभा राहून पाहत राहिलो. अर्ध्या तासाने त्यांनी मान वर केली आणि काही हरवले आहे का, असे विचारले. मला वाटते, माझ्या चेहऱ्याविषयी इतका अचूक अभिप्राय आजवर कोणी दिलेला नाही.

मी पणजोबांचे नाव न घेता विचारत गेलो, आणि ते हात न थांबवता सांगत गेले. दोन रोपे शेजारी आणायची. दोघांच्या सालीचा तेवढाच भाग तासायचा, जखमेला जखम भिडवायची, पट्टीने आवळून बांधायची आणि मग वाट पाहायची. भेटकलम ते हेच. दोन झाडांची भेट. बाकी माणसाच्या हातात काही नसते. मी हळूच विचारले, की समजा एखाद्याने वर्षात चारशे बारा केली आणि त्यांतली तीनशे नव्वद जगली, तर?

मुकादमांचे हात प्रथमच थांबले. “माझी निम्मी जगली, तर मी घरी जाऊन बायकोला सांगतो,” ते म्हणाले. “कोण होता हा?”

मी सांगितले. त्यांनी फक्त आपला सुरा पुसून, मूठ माझ्याकडे करून, मला दिला. पणजोबांच्या वंशजाने निदान एक काप घेऊन पाहावा, अशी त्यांची भावना असावी. मी काप घेतला. तो माझ्या डाव्या अंगठ्यावर बसला. रक्तात आहे, असे बाबा नेहमी म्हणत. मी नीट पाहिले, त्यात तसे काहीच दिसले नाही. मुकादमांनी कलमाचीच पट्टी माझ्या अंगठ्याला घट्ट आवळली, आणि सवयीने म्हणाले, महिनाभर सोडू नका, उन्हात ठेवू नका, कोंब दिसला तर सांगा.

अंगठा उंच धरून मी घरी आलो, तेव्हा दारातच बाबा उभे होते. तीन महिन्यांनी येणारी नक्कल तिसऱ्या दिवशी आली होती. सरकारी टपालाला आयुष्यात एकदाच वेळेआधी पोहोचायचे होते, आणि त्याने आमचे घर निवडले. पाकीट फोडून, वाचून, बाबा वाचनालयात जाऊनही आले होते. कागदावर पणजोबांचे नाव होते, शिक्का होता, आणि एक ओळ: भेटकलमे ४१२ केली, पैकी ३९० जगली.

“चारशे बारा,” बाबा म्हणाले. “आणि भेट. विकली नाहीत रे त्यांनी. भेट दिली सगळी.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडले.

“आणि तीनशे नव्वद जगली आहेत. म्हणजे कुठेतरी आहेत.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “अध्यक्षांचा चेहरा बघायला हवा होतास. त्यांची नऊ.”

बाबांना मी असे हसताना त्यापूर्वी पाहिले नव्हते. माझे तोंड आपोआप मिटले. आईने मात्र माझ्या अंगठ्याकडे पाहिले, पट्टीकडे पाहिले, पट्टीत अडकलेल्या पानाच्या तुकड्याकडे पाहिले. स्वयंपाकघरात तिने विचारले, कशाने कापलं? कलम करताना, मी म्हणालो. पेनाने एवढं? तिने विचारले, आणि मग तिचे तिलाच कळले. आईच्या माहेरी परसबाग होती. ओट्याला टेकून ती तोंडाला पदर लावून हसली. “सांग त्यांना,” ती म्हणाली, “पण आज नको.”

हेच वाक्य ती पुढे रोज म्हणाली. समारंभ पंधरा दिवसांवर होता. सोमवारी बाबांनी सदरा इस्त्रीला टाकला, म्हणून नको. मंगळवारी त्यांना झोप चांगली लागली, म्हणून नको. दरम्यान मोजणीकाकांनी माझ्या अंगठ्यावरून सगळे काढून घेतले. त्यांनी खुर्ची ओढली आणि अत्यंत गंभीरपणे सांगितले, की माळी म्हणूच नये. उद्यानविद्यातज्ज्ञ म्हणावे. ते स्वतः तीस वर्षे उन्हात साखळी ओढत होते. दारावरच्या पाटीवर काय आहे? भूमापन सल्लागार. खोटे नाही, फक्त इस्त्री केलेले. मी ते घरी आरशासमोर म्हणून पाहिले. ‘उद्यानविद्यातज्ज्ञ.’ पणजोबांना स्वतःला तो शब्द उच्चारता आला नसता, या विचाराने मला त्यांच्यासमोर लाज वाटली. ही लाज पूर्वीच्या लाजेपेक्षा वेगळी आहे, एवढे मला त्या वेळी कळले.

समारंभाच्या दिवशी सकाळी मी बाबांना म्हणालो, जरा फिरून येऊ. वाटेत ते भाषणाची उजळणी करीत होते. बागेच्या फाटकातून मी त्यांना आत नेले. शेवटी जे मला सतरा दिवसांत सांगता आले नाही, ते मुकादमांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकले.

“अंगठा बरा आहे का? आणि हे कोण, त्या कलमवाल्यांचे नातू?”

बाबांचा चेहरा उजळला. “तुम्हीही वाचलंय त्यांना?”

“वाचायचं काय त्यात?” मुकादम म्हणाले. “ते बघा ना, समोर उभं आहे.”

बागेच्या पूर्वेच्या कोपऱ्यात तीन जुनी आंब्याची झाडे आहेत. मुकादमांनी बुंध्यावर, कमरेएवढ्या उंचीवर हात ठेवला. तिथे एक जाड गाठ होती. तिच्याखालची साल खरखरीत, वरची वेगळ्या जातीची. ही पणजोबांच्याच हातची असे ते शपथेवर सांगू शकत नव्हते. पण त्यांच्या मुकादमाचा मुकादम ती ‘त्या म्हाताऱ्याची’ म्हणत असे. ते सांगत गेले. खुंट, साल, पट्टी, गुलाबाचे डोळे. बाबा ऐकत गेले. एखादा कागद वाचून होईपर्यंत मान वर करायची नाही, ही त्यांची जुनी सवय आहे. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“तुला कधीपासून ठाऊक आहे?”

“सतरा दिवस.”

“आवक झालेला कागद सतरा दिवस दाबून ठेवलास,” ते म्हणाले.

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाला याहून कठोर शब्द वापरला असेल, असे मला वाटत नाही. घरी आल्यावर त्यांनी सदरा घातला, भाषणाचा कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला, आणि तो न घेताच समारंभाला निघाले.

सभागृह भरले होते. पडदा सरकला. पाटीवर अकरा ग्रंथकार होते, आणि सर्वांत वर, ग्रंथसंख्येच्या क्रमाने, पणजोबा: ‘एकूण ग्रंथ ४१२ (उपलब्ध ३९०)’. अध्यक्ष सातवे होते. बाबांना बोलायला बोलावले. ते ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “एक दुरुस्ती आहे. माझे आजोबा लेखक नव्हते. ते—”

पुढचा शब्द ओठांवर आलेला मी पहिल्या रांगेतून पाहिला. ओठ मिटले, ‘म’ झाला, आणि तिथेच राहिला. बाबा मघाशी बागेत सगळे समजून आले होते, पण समजणे आणि तीनशे माणसांसमोर म्हणणे यांच्यामध्ये एक शेजारचे टेबल असते. अध्यक्ष पुढे झाले, त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जाहीर केले, की ज्याने चारशे बारा ग्रंथ लिहिले त्याला लेखक न म्हणण्याची ही नम्रता केवळ थोर घराण्यांतच आढळते. टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्या तर रडली. तिला एकटीलाच सगळे पहिल्यापासून बरोबर ठाऊक होते, आणि तिला कोणी कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दुरुस्तीचा लेखी अर्ज दिला. कार्यकारिणीने कळवले, की पाटी प्रमाणित कागदाच्या आधारे रंगवली असून तीत बदल करायचा तर हुद्द्याचा प्रमाणित कागद आणावा. अभिलेख कार्यालय म्हणाले, हुद्द्याची नक्कल देऊ. परंतु सदर इसम ग्रंथकार नसल्याचे वाचनालयाचे पत्र जोडावे, कारण वाचनालयाच्या भिंतीवर तो ग्रंथकार असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. दोन्ही पत्रे बाबांनी फाइलला लावली. दोन्ही नियमाला धरून होती. त्यांना नावे ठेवायला जागा नव्हती. त्यांनी स्वतः असली शेकडो पाठवली होती.

मग वाचक येऊ लागले. एवढा मोठा ग्रंथकार आणि कपाटात एकही पुस्तक नाही, म्हणून वाचनालयाचा ग्रंथपाल त्यांना आमच्या घरी पाठवी. बाबा दार अर्धे उघडत, “सध्या उपलब्ध नाहीत,” असे म्हणत आणि दार हळूच लावत. हे खोटे नव्हते. खरेही नव्हते, आणि त्यातला फरक दर खेपेला बाबांच्या खांद्यांत दिसू लागला.

सर्वांत शेवटी एक मुलगी आली. विस्मृत ग्रंथकारांवर ती प्रबंध लिहीत होती. दोनदा परत पाठवूनही तिसऱ्यांदा आली. तिला वेळ कमी होता, म्हणाली. पणजोबांच्या लेखनशैलीवरची एकोणीस पाने लिहून झाली आहेत, आता फक्त एखादे पुस्तक बघायला मिळाले तर बरे. मी आतून ऐकत होतो. एकोणीस पाने कशी लिहिली, असे बाबांनी विचारले. मार्गदर्शकांनी सांगितले, शैली काळावरून कळते, असे ती म्हणाली.

बाबांनी दार पूर्ण उघडले. मग त्यांनी चपला घातल्या. मलाही ये म्हणाले.

पूर्वेच्या कोपऱ्यात ऊन तिरपे पडले होते. बाबांनी तिला झाड दाखवले, बुंध्यावरची गाठ दाखवली, खाली एक साल आणि वर दुसरी कशी आहे, तेही दाखवले. त्यांनी मुकादमांचे शब्द एकेक करून, क्रम न चुकवता सांगितले. मुलीने गाठीवरून हात फिरवला. तिला काहीच उलगडत नव्हते, आणि ती वेड्यासारखी भराभर लिहून घेत होती.

“पण काका,” ती म्हणाली, “मग ते होते तरी कोण?”

बाबांनी एकदा झाडाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही.

“माळी,” ते म्हणाले.

तिने लिहिले. बाबांनी सवयीने वहीत डोकावले, खिशातले पेन काढले, आणि तिच्या हातून वही घेतली.

“पहिली नाही, दुसरी वेलांटी,” ते म्हणाले. “माळी. नीट लिहा.”